फौजेची शिल्लक

१५ मार्च १७५१ रोजी साताऱ्याजवळ वेण्णेच्या काठी दोन मराठी फौजा एकमेकींशी लढल्या. एक दमाजी गायकवाडाची, सुमारे १५,०००. ती गुजरातेतून आली, साल्प्याचा घाट ओलांडून साताऱ्याकडे वळली, आणि लढत होती सेनापती दाभाड्यांच्या नावाने. दुसरी पेशव्यांची, सुमारे २०,०००, नाना पुरंदऱ्याच्या हुकमाखाली. म्हणजे सेनापतीची फौज पंतप्रधानाच्या फौजेवर चालून आलेली, आणि दोघेही चाकर एकाच गादीचे. त्या गादीचे धनी छत्रपती रामराजे वर अजिंक्यताऱ्यावर कैदेत होते. कैद केले होते ताराबाईंनी. आपला नातू म्हणून त्यांना गादीवर आणणाऱ्याही त्याच.

आधी कृष्णेकाठी आरळ्याला आणि मग लिंबला दमाजीने पुरंदऱ्याला मागे रेटले होते. वेण्णेवर पारडे फिरले आणि दमाजी जोरखोऱ्याकडे हटला. नानासाहेब पेशवे तेव्हा मोगलाईच्या सरहद्दीवर होते. ४०० मैलांची मजल १३ दिवसांत मारून ते परतले, असे ग्रँट डफ लिहितो. २४ एप्रिलला ते साताऱ्याला पोचले, यवतेश्वरचे ठाणे घेतले, पुढे दमाजीचा तळ लुटून त्याला कैद केले. किल्ला मात्र मिळाला नाही. ताराबाई वरच राहिल्या.

लढाई एवढीच. ती कोण जिंकले हे पाठ्यपुस्तकातही येत नाही. मला कुतूहल आहे ते निराळे: ही माणसे एका हुकमाने उठत कशी, बसत कशी, आणि आपल्याच माणसांवर चालून जाताना त्यांना धरून कोण ठेवी? त्या धरून ठेवणाऱ्या गोष्टींपैकी सातारा-सांगलीच्या पट्ट्यात काय उरले आहे, याची ही यादी. संग्रहालयातल्या तलवारी वगळल्या आहेत. त्यांची काळजी वाहणारे पुष्कळ आहेत.

पदे. यादवीत सर्वात आधी भाव उतरला तो पदांचा. १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या छावणीतून सुटून आले आणि एका राज्याला दोन धनी झाले. धनाजी जाधव ताराबाईंचा सेनापती. त्याला शाहूंवर पाठवले, तर १२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमेकाठी खेडच्या लढाईत तो शाहूंना मिळाला आणि सेनापतीच राहिला. त्याच्यामागे त्याचा मुलगा चंद्रसेन शाहूंचा सेनापती झाला. १७११ मध्ये तो फौजेसकट ताराबाईंकडे गेला, तिथून पुढे निजामाकडे. सेनापतीच फौज घेऊन उठून गेल्यावर नवी फौज जमवायला माणूस लागतो आणि त्या माणसाला पद लागते. म्हणून बाळाजी विश्वनाथाला ‘सेनाकर्ते’ हे नाव मिळाले. परसोजी भोसले सेनासाहेबसुभा, हैबतराव निंबाळकर सरलष्कर. एका खुर्चीवर भागत नाही म्हटल्यावर शेजारी दुसरी मांडायची, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे.

सरनोबत, सरलष्कर, बिनीवाले, पागनीस, पोतनीस, सबनीस, तोफखाने ही सगळी आता दारावरच्या पाट्यांवर सापडतात. बिनीवाल्यांच्या घरात बिनी म्हणजे काय असे विचारले तर बहुधा एखादे आजोबाच सांगतील, की फौजेच्या पुढे चालणारी तुकडी. चाकरीत राहिला तो एकटा हवालदार. एकेकाळी किल्ल्याच्या किल्ल्या त्याच्या कमरेला असत.

पंचवीस घोडी. सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेचे गणित दिले आहे. पंचवीस बारगीर, त्यांवर एक हवालदार. पाच हवालदारांचा एक जुमला. दहा जुमल्यांवर एक हजारी. पाच हजाऱ्यांवर पंचहजारी, आणि सर्वांवर सरनोबत. गुणून पाहा, हजारीच्या हाताखाली १,२५० घोडी येतात. पण खरी गंमत तळाशी आहे. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणि नाल यांची सोय सर्वात खालच्या तुकडीतच केलेली. त्यासाठी वर अर्ज करावा लागत नसे. हुकूम वरून खाली येतो, पण फौज चालते ती खालच्या या दोन माणसांवर, हे ज्याने हेरले त्याला मी मोठा सेनापती म्हणेन.

बारगिराचे घोडे सरकारी, शिलेदाराचे स्वतःचे. हा एक फरक नीट ध्यानात घेतला की पुढची सगळी यादवी समजते. सरकारी घोड्यावरचा माणूस पक्ष बदलायला निघाला तर पायी निघतो. शिलेदार घोड्यासकट निघतो. राजाराम महाराजांच्या काळात, मोगल गळ्याशी आलेला असताना, सरंजाम देऊन सरदार उभे करावे लागले. दुसरा इलाज नव्हता. त्यातून राज्य वाचले, आणि फौज सरकारची उरली नाही. १७५१ साली वेण्णेकाठी पंचवीस घोड्यांचे ते गणित मोडून बराच काळ लोटला होता. तिथे पथके होती. ज्याचे पथक त्याचा हुकूम, आणि पथकवाल्यांवर हुकूम चालवणे म्हणजे निम्मी मनधरणी.

तळबीडचे हंबीरराव मोहिते, भोसऱ्याचे प्रतापराव गुजर हे दोन्ही सरनोबत याच सातारा जिल्ह्यातले. गावे जागच्या जागी आहेत. सरनोबत हे पद मात्र पुढे सेनापतीच्या सावलीत विरून गेले.

नालबंद. घोड्याचा नालबंद आता या भागात शोधून सापडणे कठीण. त्याचा भाऊबंद मात्र अजून आहे. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या अड्ड्यावर सकाळी जाऊन उभे राहा. बैलाच्या पायांत दोराचा फास टाकतात, एक जण शेपटीकडून रेटतो, एक शिंगे धरतो, आणि बैल कुशीवर आडवा होतो. चारही पाय एकत्र बांधून मध्ये आडवे लाकूड. मग पत्री मारणारा उकिडवा बसतो. खूर तासतो, घासतो, पत्री लावून पाहतो, आणि तोंडात धरलेले खिळे एकेक काढून तिरपे ठोकतो. खिळा सरळ गेला तर आतल्या मांसात शिरतो आणि बैल लंगडा होतो. तिरपा गेला तर बाहेर टोक काढतो, ते वळवून ठेचायचे. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन आणि एका बैलाला आठ पत्र्या. डांबरी रस्त्यावर त्या लवकर झिजतात. घोड्याचा नाल एकसंध, बाकी हात तोच, हातोडी तीच. उसाच्या बैलगाड्या दर हंगामाला कमी होत चालल्या, ट्रॅक्टर वाढले. पत्री मारणाऱ्याचा मुलगा पंक्चर काढायला शिकला आहे, आणि त्यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही.

नालबंदी. ही निराळी. स्वारीवर निघण्याआधी शिलेदाराला जी उचल मिळे ती. नाव नालांचे, पैसा घरखर्चाचा. ऊसतोड मजुराला मुकादम उचल देतो तसलाच हा व्यवहार. दसऱ्याला सीमोल्लंघन झाले की फौजा मुलुखगिरीला निघत, पण नालबंदी हातात पडल्याशिवाय घोड्यावर खोगीर चढत नसे. मग दरमहाचा रोजमुरा. तो तुंबला की शिपाई सरदाराच्या डेऱ्यापुढे धरणे देऊन बसत. सरदाराला जेवू देत नसत, स्वतःही जेवत नसत. मराठी फौजेत आज्ञाभंगाची शिक्षा काय, यावर लिहिलेले फार थोडे आढळते. पगार थकल्यावर सरदाराचे काय होई यावर पत्रेच्या पत्रे आहेत. धरणे अजून जिवंत आहे, कलेक्टर कचेरीसमोर, मंडप घालून.

जामीन. माणूस चाकरीला ठेवताना दुसऱ्या माणसाचा जामीन घ्यायचा, हा शिवकाळापासूनचा शिरस्ता. शिपाई पळाला, घोडे घेऊन गेला, तर जामीनदाराला धरायचे. जामीनदार म्हणजे गावचा, भावकीतला, सोयरा. फौजेची शिस्त गावाच्या अब्रूवर तारण ठेवलेली असे. परक्या शत्रूशी लढताना ही रचना फार चोख चालते. शत्रूला तुमचे गाव ठाऊक नसते, तुमच्या जामीनदाराचे नाव ठाऊक नसते. यादवीत दोन्ही बाजूंना दोन्ही ठाऊक. ज्या दाव्याला तुम्हाला बांधले तेच दावे समोरचा ओढतो.

तीन दरकदार. याचा दाखला साताऱ्याच्या किल्ल्यावरच आहे. किल्ला फितुरीने जाऊ नये म्हणून कारभार वाटून दिलेला असे. हवालदार आणि सरनोबत मराठे, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभू. किल्ल्या एकाकडे, हजेरी आणि हिशेब दुसऱ्याकडे, दाणागोटा आणि दारूगोळा तिसऱ्याकडे. तिघे एका मताचे झाल्याशिवाय दरवाजा उघडणार नाही, आणि तिघे एका मताचे होणे आपल्याकडे अवघडच. पुढे जातींचा हा नियम ढिला झाला, तरी सरदार वेगळा आणि किल्लेदार वेगळा एवढी वाटणी राहिली.

१७०७ च्या अखेरीस शाहू साताऱ्याखाली आले. वर परशुरामपंत प्रतिनिधी, ताराबाईंचा कट्टर माणूस. खेडच्या रणातून हरून थेट इथे आलेला. मूळचा किन्हईचा कुलकर्णी, म्हणजे हाकेच्या अंतरावरचा. त्याने किल्ला द्यायला साफ नकार दिला. पण किल्ल्याचा हवालदार होता शेख मिरा, आणि त्याची बायकामुले होती वाईला. शाहूंनी ती आणवली आणि तोफेच्या तोंडी देण्याचा निरोप वर धाडला. शेख मिराने प्रतिनिधीला कैद केले आणि दरवाजा उघडला. याच किल्ल्यासाठी औरंगजेबाला १६९९-१७०० मध्ये महिनोन् महिने वेढा घालून, सुरुंग उडवून, आपलीच माणसे त्याखाली गाडून घ्यावी लागली होती. शाहूंना एक कुटुंब पुरले. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात राज्याभिषेक झाला.

शेख मिराला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. दोन्ही धनी त्याचेच होते.

किल्ल्यावर आज मंगळाईचे देऊळ आहे, तळी आहेत, ताराबाईंचा म्हणून दाखवतात तो पडका वाडा आहे आणि दूरदर्शनचा मनोरा आहे. सकाळी फिरायला येणारे पुष्कळ. सबनिसाचे दफ्तर कुठे असे, कारखानिसाची कोठी कुठली, हे दाखवणारा कोणी भेटत नाही.

दूधभात आणि बेलभंडार. लेखी करार सगळ्या फौजांत असतात. इथे वर शपथही लागे. शाहू येत आहेत असे कळल्यावर ताराबाईंनी सरदारांना दूधभातावर हात ठेवायला लावला, असे बखरकार सांगतात. ती शपथ खेडपर्यंत टिकली. १७५१ मध्ये पेशवे आणि दमाजी यांच्यात बेलभंडार झाला आणि तो मोडून पेशव्यांनी त्याला धरले, अशी गायकवाडांकडची कथा. त्यानंतर दमाजी पेशव्यांना डाव्या हाताने मुजरा करी म्हणतात. खरे असो वा नसो, ज्या फौजेत सरदाराचा उजवा हात हाच करारनामा होता तिथे ही कथा शोभते. १७५२ च्या सप्टेंबरात ताराबाई आणि पेशवे दोघे जेजुरीला खंडोबापुढे उभे राहिले आणि समेट शपथेवर पक्का झाला. रामराजे आपले नातू नव्हेत, असे ताराबाईंनी तिथे शपथेवर सांगितले. त्या एका वाक्याने ही सारी लढाई कशासाठी झाली ते सांगणे अवघड होऊन बसले.

भंडारा आजही उधळतात. दूधभातावर हात ठेवून खोटे बोलायची भीती वाटणारी माणसे माझ्या लहानपणी होती, बहुतेक म्हाताऱ्या बायका.

शिस्त. ही वस्तू नव्हे, तरी यादीत हवी. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव या दोन सेनानींचे वैर हीच मुळात एक छोटी यादवी. १६९६ मध्ये दक्षिणेत दोघे समोरासमोर आले तेव्हा संताजी जिंकला. पुढल्या वर्षी इकडे गाठ पडली तेव्हा संताजीची माणसे त्याला सोडून धनाजीकडे गेली. कारण बहुतेक इतिहासकार एकच देतात: संताजीची शिस्त कडक होती आणि धनाजी सांभाळून घेई. मोगलांना ज्या शिस्तीने धडकी भरली तीच त्याला भोवली. माणदेशात, शंभूमहादेवाच्या डोंगराकडे, म्हसवडच्या नागोजी मान्याने त्याला गाठून मारले. मान्याच्या मेहुण्याला संताजीने मारले होते. सैनिकाला सेनापती निवडण्याची मुभा मिळाली की तो चांगला सेनापती निवडतोच असे नाही. सोपा निवडतो.

बुणगे. लढणाऱ्यांच्या दुप्पट-तिप्पट न लढणारे: वाणी, भिस्ती, तंबू ठोकणारे, लमाणांचे बैल, बायका, मुले, देव. यांची टिंगल करण्याची आपल्याला सवय आहे, पण दाणा यांच्याच पाठीवर असे. १७३० साली वारणेकाठी कोल्हापूरच्या संभाजीराजांचा तळ पडला होता. उदाजी चव्हाणाच्या जोरावर ते शाहूंच्या मुलखात शिरले होते. श्रीपतराव प्रतिनिधीने, म्हणजे त्याच परशुरामपंताच्या मुलाने, आता शाहूंच्या बाजूने, तळावर अचानक छापा घातला. संभाजीराजे निसटले, तळ सापडला. त्यात ताराबाई होत्या, राजसबाई होत्या, संभाजीराजांच्या राणी जिजाबाई होत्या. ताराबाईंना १७१४ पासून पन्हाळ्यावर कैदेत ठेवणाऱ्या राजसबाई; कैदी आणि कैद करणारी एकाच छाप्यात हाती लागल्या. शाहूंनी सर्वांना मानाने परत पाठवायची तयारी केली. ताराबाई म्हणाल्या, कैदच भोगायची तर तिथे काय आणि इथे काय. त्या साताऱ्यालाच राहिल्या. वीस वर्षांनी त्यांनी साताऱ्याच्या किल्ल्याचा दरवाजा आतून लावून घेतला, ते वर आलेच आहे.

पुढे १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला आणि नदी दोन राज्यांची हद्द ठरली. या यादीतली ही गोष्ट अजून कामावर आहे. वारणा आजही बऱ्याच अंतरापर्यंत सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांमधून हद्द आखत जाते.

घोडी. वेण्णेकाठची घोडी अरबी नव्हती. सरदाराच्या मांडीखाली एखादे असेल. बाकी सगळी भीमा, नीरा, माण यांच्या काठची, आखूड, चिवट, कडब्यावर आणि रानातल्या काट्याकुट्यावर जगणारी भीमथडी. उमदे दिसणे हा त्यांचा गुण नव्हता. दिवसाला वीस कोस आणि पुन्हा उद्या, हा होता. ही जात संपली असे गेली शंभर वर्षे लिहिले जात होते. ती संपली नव्हती, फक्त फौजेतून निघून मेंढपाळांकडे गेली होती. पावसाळा सरला की फलटण-माणकडचे धनगर वाडे घेऊन निघतात तेव्हा पाहा. कळपामागे दोन-तीन घोडी. एकीवर वाघरीच्या जाळ्याची गुंडाळी, वर हंडे-पातेली, एका बाजूला पाय बांधलेल्या कोंबड्या, दुसरीकडे पोत्यात नुकतीच जन्मलेली दोन कोकरे, तोंडे बाहेर. सगळ्यात वर एखादे मूल. घोडी लगाम नसताना चालत राहते. पुढची बाई कुठे वळणार हे तिला ठाऊक. लष्करी अभ्यासकांनी ज्या मराठी घोडदळाच्या मुक्कामांवर ग्रंथ लिहिले ते घोडदळ बहुधा असेच चालत असावे, बाईच्या जागी बिनीवाला. अलीकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली आहे. चांगली गोष्ट आहे. मेंढ्यांना चरायला रान उरले नाही तर नोंदीला घोडी चारता येणार नाही.

बारा मोटांची विहीर. लिंबची. ही नाहीशी झालेली नाही. उलट आता सुटीच्या दिवशी गर्दी असते. यादीत आहे ती तिच्या मोटांसाठी. १७१९ ते १७२४ या काळात शाहूंच्या वीरूबाईंनी ती बांधवली. अष्टकोनी, वरून पाहिली तर शिवलिंगाच्या आकाराची, ११० फूट खोल, आणि पोटात चक्क एक छोटा महाल. काठावर मोटांची दगडी धारे. दमाजी आणि पुरंदरे लिंबला भिडले तेव्हा ती बांधून पंचवीसेक वर्षे झाली होती. ३५,००० माणसे, त्याहून अधिक जनावरे, फाल्गुनाचे ऊन. हजारोंची फौज दुपारी कुठे लढते याचे उत्तर नकाशात नसते, पाण्यात असते. विहीर कोणाच्या ताब्यात होती हे कोणी लिहून ठेवले नाही. मोट हाकणारा शेवटचा माणूस तालुक्यात केव्हाच गेला. चामड्याची मोट शिवणारा त्याच्याही आधी.

शिकलगार. मिरजेत तलवारींना धार लावणारी, पाती घडवणारी शिकलगार घराणी होती. एकोणिसाव्या शतकात संस्थानांच्या फौजा इंग्रजांनी मोडल्या, हत्यारांना गिऱ्हाईक राहिले नाही. त्यातल्या फरीदसाहेबांनी सतार-तंबोरे करायला घेतले आणि त्यांचा वंशच सतारमेकर झाला. मंगळवेढ्याकडचा भोपळा, वर कोरीव काम, आत ऐकणारा कान. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. फौज मोडल्यावर ज्यांचे बरे झाले असे या यादीत हे एकच घराणे.

मिरजेचा भुईकोट मात्र आता सांगण्यापुरता. १७६१ मध्ये तो पटवर्धनांना मिळाला, आणि लगेच पुढची यादवी आली. १२ नोव्हेंबर १७६२ रोजी आळेगावला थोरले माधवराव पेशवे काका राघोबांपुढे नमले. राघोबांनी जुना राग काढून मिरज वेढली आणि घेतली. गोपाळराव पटवर्धन उठून निजामाकडे गेला, आणि काही महिन्यांत निजामाच्या फौजेने पुणे जाळले तेव्हा तो त्यांच्यात होता. १० ऑगस्ट १७६३ ला राक्षसभुवनच्या आधी तो परत फिरला. देशद्रोही म्हणायचे तर म्हणा. त्याच्या बाजूने पाहिले तर घर काढून घेतले म्हणून गेला आणि घर परत मिळते म्हणून आला. सरंजामी फौजेत निष्ठेचा पत्ता सातबाऱ्यावर असतो.

कागद. हे सगळे आज कळते ते पटवर्धनांच्या कारकुनांमुळे. कुठे मुक्काम, किती कोस, कोण रुसला, कोणाचा रोजमुरा तुंबला, हत्तीला दाणा नाही, हे त्यांनी रोज लिहिले. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे यांनी ते रुमाल सोडले, मोडी वाचले आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ खंडामागून खंड छापला, १९२४ मध्ये वारले तोवर. शिक्षकाच्या पगारात. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी असेच दफ्तर जमवले. ते १९३९ मध्ये पुण्याला डेक्कन कॉलेजात गेले. फौजेची खरी शिल्लक ती. तलवारीवरून सरदाराचे नाव कळते. रोजमुऱ्याच्या यादीत पखालजी सापडतो.

मोडी शाळेतून जाऊन साठेक वर्षे झाली. पण या दोन जिल्ह्यांत असे वाडे अजून आहेत जिथे माळ्यावर लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा पडून आहे. घरच्यांना वाटते की जमिनीचे काहीतरी असेल, किंवा मंत्रतंत्र. वाडा पाडायला काढला की तो गठ्ठा आधी रद्दीत जातो. तो जामीनकतबा असू शकतो, हजेरी असू शकते, दाणावैरणीचा हिशेब असू शकतो. तुमच्याकडे असा गठ्ठा असेल तर दोर सोडू नका, ऊन दाखवू नका, घडी मोडू नका. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, सरकारी पुराभिलेखागार आहे; तिथे मोडी वाचणारी माणसे अजून आहेत. देऊन टाकायचे नसेल तर निदान वाचून तरी घ्या, आणि हे काम वाडा पाडण्याच्या आधी करा.